एकतीस नंबरचा बिल्ला

१९ मे

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकलं नसशील तर पुढचं वाच. फाडलं असशील तर प्रश्नच मिटला.

आठ वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही. आता लिहितेय ती कामासाठी. तू म्हणशील, मतलबी. म्हण. खोटं नाही ते.

तुझ्याकडे एक माणूस येईल, नाहीतर तुला बोलावून घेतील. तपास अधिकारी आहे. हळू बोलतो, त्यामुळे आपल्यालाच पुढे वाकावं लागतं. तो विचारेल, पाच तारखेपासून नऊ तारखेपर्यंत, मंगळवार ते शनिवार, तुमची धाकटी बहीण तुमच्याकडे राहायला होती का? तू हो म्हण. रजेच्या अर्जात मी तसंच लिहिलंय, थोरल्या बहिणीच्या आजारपणासाठी. तुला काय झालं होतं ते लिहिलेलं नाही, तेव्हा पाठ धर. पाठ कुणाला तपासता येत नाही.

झालं असं की आमच्या कारागृहात एक बाई गेली. कोठडीत, रविवारी सकाळी. मी त्याच सकाळी रजेवरून कामावर आले होते. माझा त्यात काही संबंध नाही. पण चौकशी लागली की भिंतींनाही विचारतात, तू कुठे होतीस.

ही खात्याची चौकशी नाही. खात्याची असती तर कुणाची बदली झाली असती, कुणाची बढती अडली असती, आणि चहा पिऊन सगळ्या घरी गेलो असतो. या वेळी गुन्हा दाखल झालाय. सदोष मनुष्यवध. नावं अजून घातलेली नाहीत. 'अज्ञात कर्मचारी' असं लिहिलंय. वॉर्डात आम्ही अकरा जणी आहोत. रोज एकमेकींकडे बघतो आणि अज्ञात राहायचा प्रयत्न करतो.

घराबद्दल मला विचारलं तर मी नीट सांगू शकते. हिरवं फाटक, तीन पायऱ्या, वरच्या खिडकीला निळा पडदा, समोर बसचा थांबा. म्हणजे आपलं जुळेल. मला कसं माहीत, ते आत्ता विचारू नकोस.

हो म्हणायचंय, एवढंच.

धाकटी

२३ मे

ताई,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, तरी रोज टपालाच्या पेटीत हात घालते. पेटी एवढीशी आहे, रिकामी असली की लांबूनच दिसते. तरी हात घालते.

'माझा काही संबंध नाही' हे वाचून तू हसली असशील. संबंध नसलेलं माणूस आठ वर्षांनी पत्र लिहीत नाही. तर थोडं सांगते. माहीत असलं तर बोलताना चुकणार नाहीस.

ती नऊ नंबरच्या कोठडीत होती. आम्ही तिला टेलरबाई म्हणायचो. दुकानातलं कापड लांबवल्याचा खटला, नुसत्या तारखा पडत होत्या. डोकं काही दिवस ठिकाणावर असायचं, काही दिवस नसायचं. बऱ्या दिवशी गजांतून आमची मापं घ्यायची, नुसत्या डोळ्यांनी. मला म्हणायची, "बाई, तुमचा डावा खांदा उतरलाय. शर्ट द्या इकडे, दोन टाके घालते."

"आणि सुई कुठून आणशील?"

"तुमच्या जिभेवर आहे की."

सगळ्या हसायच्या. मीसुद्धा.

वाईट दिवशी ताट फेकायची. सोमवारी, चार तारखेला, तिनं चादर बेसिनच्या भोकात कोंबली आणि नळ सोडून दिला. पाणी दाराखालून बाहेर आलं. आमच्या वॉर्डच्या प्रमुख, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, त्यात घसरल्या, पडता पडता वाचल्या. म्हणाल्या, "हिचं पाणी बंद कर. कळू दे जरा." मी बंद केलं.

कोठड्यांच्या मागे एक बोळ आहे, तिरकं होऊन शिरावं लागतं इतकी अरुंद. भिंतीला पाइप, आणि प्रत्येक कोठडीच्या पाइपाला एक चाक. चाक बंद केलं की त्यावर आपला बिल्ला अडकवायचा. पितळेचा, नंबर कोरलेला. माझा एकतीस. ज्याचा बिल्ला, त्याचाच हात. दुसऱ्याच्या बिल्ल्याला शिवायचं नाही. हा नियम वरून आलेला नाही, आतलाच आहे. फार पूर्वी एक प्लंबर पाइप उघडून काम करत बसला होता, आणि भलत्यानंच येऊन उकळत्या पाण्याचं चाक फिरवलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेले. तेव्हापासून बिल्ले. नवी मुलगी रुजू झाली की पहिल्या दिवशी तिला ही गोष्ट सांगायची असते. मी कितीजणींना सांगितली असेल. जीव वाचावा म्हणून केलेला नियम आहे तो, ताई.

दोन तासांपेक्षा जास्त वेळ पाणी बंद ठेवू नये, असंही आहे. ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर छापलंय. बंद केल्याची वेळ, उघडल्याची वेळ, सही.

दोन तास व्हायच्या आत माझी पाळी संपली. मंगळवारपासून रजा होती. मी विसरले. विसरणं गुन्ह्यात बसतं का, ते मला माहीत नाही.

माझ्यानंतर जी आली तिला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण ती बंद होत नाही. तिनं बिल्ला पाहिला. तिच्यानंतरचीनंही पाहिला. एकतीस नंबर लटकतोय म्हणजे एकतीसनं काही ठरवलं असणार. आणि टेलरबाई ताट-पेला फेकते म्हणून तिचं जेवण कागदात गुंडाळून आत जात होतं, कोरडं. पेला कशाला, नळ आहेच कोठडीत. ज्यांनी पेला बंद केला त्यांना चाकाचं माहीत नव्हतं, आणि ज्यांना चाकाचं माहीत होतं त्यांनी पेल्याचं विचारलं नाही.

सहा दिवस. यंदाचा उन्हाळा तुझ्याकडेही तसाच असेल.

पण रजिस्टरमध्ये पाणी उघडल्याची वेळ आहे. सोमवार, संध्याकाळी सहा. पुढे माझी सही. मोठ्या बाई म्हणतात, तेवढं पुरे आहे. ती सही तिथे कशी आली ते राहू दे.

तू मंगळवार ते शनिवार म्हण.

धाकटी

२७ मे

ताई,

काल त्या हळू बोलणाऱ्या अधिकाऱ्यानं मला बोलावलं होतं.

एक टेबल, दोन खुर्च्या, पंखा. टेबलावर पाण्याचा जग आणि झाकलेला ग्लास. त्यानं झाकण काढून पाणी ओतलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी प्याले. त्यानं परत ओतलं. मी तेही प्याले. तिसऱ्यांदा त्यानं ओतलं नाही, मीच ओतून घेतलं. तेव्हा त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. पाण्याबद्दल त्यानं काय लिहिलं असेल?

"बिल्ला कुठे आहे तुमचा?"

"हरवला."

"कधी?"

"आठवत नाही."

"अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच?"

"हो."

"गुरुवारी, सात तारखेला, दुपारी कुठे होता?"

"बहिणीकडे."

"काय करत होता?"

"पाय चेपत होते तिचे."

पाय म्हणाले मी. तुला पाठ लिहिली होती. आता तू पायच धर.

मग त्यानं आठ नंबरच्या बाईचा जबाब वाचून दाखवला. तिची कोठडी टेलरबाईच्या शेजारची. ती म्हणते, सहा दिवस नऊला पाणी नव्हतं. मी माझ्यातलं देऊ कसं, भिंत मध्ये. ती म्हणते, नऊची पाइपावर टकटक करायची. गुरुवारी दुपारी मागच्या बोळीत कुणीतरी आलं होतं, आणि बोळीतूनही पाइपावर टकटक झाली. एकदा.

"कोण आलं असेल?" त्यानं विचारलं.

"मला कसं माहीत असणार?"

"बरोबर," तो म्हणाला. "तुम्ही बहिणीकडे होता."

बाहेर मोठ्या बाई बाकावर बसल्या होत्या. मला शेजारी बसवलं, गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या बहिणीनं हो म्हटलं की ती आठ नंबरची खोटी पडली. तू नव्हतीस, तर टकटक कुणी केली? भुतानं? एका गोष्टीत खोटी पडली की सगळ्यात खोटी. मग उरतं रजिस्टर. आणि रजिस्टर म्हणतं, पाणी सोमवारीच आलं. कोठडीत नळ चालू सापडला, फरशी ओली. पाणी होतं, ती प्याली नाही. वेडी होती. संपलं."

मी उठायला लागले, त्यांनी हात काढला नाही.

"अकरा घरं आहेत यात. आणि तुला आत टाकलं तर कुठे टाकतील? ज्यांची कुलपं तू लावलीस, त्यांच्यातच झोपायचंय. माहीत आहे ना आपल्या माणसाचं आत काय होतं?"

माहीत आहे. अशी एकजण होती, सहा वर्षांपूर्वी. तिच्या अंथरुणात रोज काहीतरी सापडायचं. शेवटी ती बसूनच झोपायला लागली. तिच्या कोठडीवर मीच होते.

उठताना मोठ्या बाई म्हणाल्या, "कुठली बहीण ते मला माहीत आहे बरं का. तीच ना, त्रेचाळीस दिवसांची?"

घराचं कसं माहीत, ते सांगते. मंगळवारी मी खरंच आले होते. रजा त्यासाठीच घेतली होती. समोरच्या थांब्यावर दोन तास उभी होते. तीन बस गेल्या. ड्रायव्हरला वाटायचं मी चढणार, तो थांबायचा, मी मान हलवायचे. तू वर खिडकीत आलीस. केस पिकलेत तुझे. मी एक पाऊल रस्त्यावर टाकलं आणि तू पडदा ओढलास. ऊन असेल म्हणून. मी चौथ्या बसनं परत आले.

म्हणजे तुला मी खोटं सांगायला लावतेय ते पूर्ण खोटं नाही. दोन तास खरे आहेत.

धाकटी

३० मे

ताई,

माझ्या नळावर कुणीतरी बिल्ला लावलाय.

आम्ही सगळ्या आवारातल्याच घरांत राहतो. प्रत्येक घराबाहेर, पायरीजवळ, पाण्याचं चाक आहे. परवा कामावरून आले, नळ सोडला, नुसती हवा आली. बाहेर जाऊन बघितलं. चाक बंद, वर बिल्ला. बारा नंबर. रेडिओचा.

रेडिओच्या दारात गेले. तिनं दार अर्धं उघडलं.

"अगं, तुझ्याकडे गळती होती म्हणे," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"मला सांगितलं, मी केलं. तू नाही का करत?" आणि तिनं दार लावलं. आठवडाभर ती एवढंच बोललीय माझ्याशी. रेडिओ!

मी घरी आले. बादलीत अर्धं पाणी होतं, ते पुरवून वापरलं. काल कार्यालयातून दोन बाटल्या आणल्या. आज तिसरा दिवस. येता-जाता त्या बिल्ल्यावरून जाते. मी त्याला हात लावलेला नाही.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. अर्धा तास गेला.

मी विसरले नव्हते, ताई.

मंगळवारी विसरले होते, ते खरं. बुधवारी आठवलं. घरीच होते, दार लावून, कारण सगळ्यांच्या लेखी मी तुझ्याकडे होते. भांडी घासून नळ बंद केला आणि हात तसाच नळावर राहिला. मनाशी म्हटलं, कुणीतरी उघडलं असेल. पण कुणी उघडणार नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत? प्लंबरची गोष्ट त्यांना मीच सांगितलीय.

गुरुवारी दुपारी गेले. फाटकावरचा म्हणाला, "काय एकतीस, रजेत करमेना? तू नसलीस की महिना तीसचाच होतो." आणि आत सोडलं. आपल्या माणसांची तो नोंद करत नाही.

बोळीत शिरले. पाइप हाताला भाजत होते. चाकाशी पोचले, बिल्ला जिथल्या तिथे होता. तेव्हा ऐकलं. टक टक टक. थोडं थांबून, टक टक टक. जोर नव्हता त्यात. नखानं केल्यासारखं.

मी चाकावर हात ठेवला.

उघडलं तर बिल्ला काढावा लागणार. बिल्ला काढला की रजिस्टरमध्ये वेळ लिहावी लागणार. गुरुवार, दुपार. म्हणजे सोमवारपासून बंद होतं हे माझ्याच अक्षरात. आणि रजिस्टर रेडिओच्या टेबलावर. रविवारी सकाळची पाळी माझी, तेव्हा टेबल माझं, पान माझं. रविवारी पहिलं काम हेच, असं मी ठरवलं. आमच्याकडे माणसं काय काय सहन करतात, तीन दिवसांनी काय होतंय, असंही मनात आलं. तेही लिहिते.

तू विचारशील, बिल्ला तसाच ठेवून नुसतं चाक फिरवायचं. हात दुखले असते का तुझे? ताई, ते मला सुचलंच नाही. शपथ घेऊन सांगते. बिल्ला आहे आणि पाणी चालू आहे, असं मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. तिथे उभी असताना माझ्या डोक्यात तसं चित्रच तयार झालं नाही. आता झोपेतही तेच दिसतं.

ती टकटक करत राहिली. मला ते ऐकवेना. मी बिल्ल्याची कड पाइपावर वाजवली. एकदाच.

ती थांबली. नंतर आवाज आला नाही. मी थोडा वेळ थांबले आणि निघून आले.

तू त्रेचाळीस दिवस आमच्याकडे आत राहिलेली आहेस, मी बाहेरून कुलूप लावणारी, म्हणून तुला विचारते. पाइपावर एकदाच वाजलं तर आतली माणसं त्याचा अर्थ काय घेतात?

धाकटी

४ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पेटीत हात घातला आणि कागद लागला तेव्हा मी दचकून हात बाहेर काढला.

तीन ओळी आहेत. मला पाठ झाल्यात.

'एक म्हणजे ऐकलं, थांब, येतंय.

मंगळवारी तू थांब्यावर होतीस. मी ओळखलं होतं.

ऊन नव्हतं त्या बाजूला.'

कार्ड वाचून मी बाहेर गेले आणि चाकावरचा बारा नंबरचा बिल्ला काढला. भर दुपारी, सगळ्यांच्या खिडक्यांसमोर. नुसता अडकवलेला असतो तो, ताई. कडी उचलायची, काढायचा. लहान मूलही काढेल. पाणी आलं. रेडिओच्या पायरीवर बिल्ला नेऊन ठेवला. तिनं खिडकीतून पाहिलं. कुणीच बाहेर आलं नाही. आकाश कोसळलं नाही, कुणाचे हात भाजले नाहीत.

रविवारचं राहिलंय.

सातला दहा कमी असताना मी आत गेले. कोठड्यांकडे गेलेच नाही, सरळ बोळीत गेले. बिल्ला काढला, खिशात टाकला, चाक फिरवलं. पाइप थरथरला, मग भिंतीपलीकडे पाणी पडायला लागलं. तिनं नळ उघडाच ठेवला होता. पाणी आलं की लगेच मिळावं म्हणून. कधीपासून ठेवला असेल? गुरुवारपासून, असं मला वाटतं.

तहानलेलं माणूस पाणी पितं आणि मग नळ बंद करतं. मी तो नळ बंद व्हायची वाट बघत उभी राहिले. पाणी पडतच राहिलं. भिंतीला कान लावला. दुसरा कसलाच आवाज नव्हता. किती वेळ उभी होते ते माहीत नाही. बोळीतून बाहेर आले तेव्हा नऊच्या दाराखालून पाणी बाहेर येत होतं, सोमवारसारखंच. चादर अजून त्या भोकातच होती.

मी झरोक्यातून पाहिलं. ती बेसिनखाली बसली होती, डोकं भिंतीला टेकवून. पाणी तिच्या खांद्यावरून खाली जात होतं.

मग मी टेबलापाशी गेले. आधी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, सोमवार, संध्याकाळी सहा. सही केली. नंतर ओरडले.

हा क्रम कुणालाच माहीत नाही. आधी लिहिलं, मग ओरडले. मोठ्या बाईंना वाटतं, सही मी सोमवारीच करून ठेवली होती. की त्यांना सगळं माहीत आहे आणि त्या विचारत नाहीत? आमच्याकडे विचारत नाहीत.

काल मी शर्ट आरशासमोर धरून बघितला. डावा खांदा खरंच उतरलाय.

तुझ्या कार्डात एक गोष्ट नाही. तुला आठ तारखेला बोलावलंय म्हणे, तेव्हा तू त्या अधिकाऱ्याला काय सांगणार, ते नाही. पहिल्या पत्रापासून मला भीती होती की तू हो म्हणणार नाहीस. काल कार्ड वाचलं आणि उलटीच भीती बसली. पडदा ओढला म्हणून तू आता हो म्हणशील.

धाकटी

७ जून

ताई,

हे पत्र हातोहात पाठवतेय, म्हणजे उद्या निघायच्या आधी तुला मिळेल. आणणाऱ्याला काही विचारू नकोस, त्याला काही माहीत नाही.

उद्या दुपारी दोनला तुला बोलावलंय. मी सकाळी दहाला जातेय. मला बोलावलेलं नाही, मी जातेय.

तुला विचारलं की सांग, आली नव्हती. मंगळवारी दोन तास थांब्यावर उभी होती, मी पाहिलं, पडदा ओढला, ती गेली. गुरुवारी ती कुठे होती मला माहीत नाही. हे सगळं खरं आहे, आणि खरं तेवढंच सांग. पाठ नको, पाय नको. तू हो म्हणालीस तर आठ नंबरची खोटी पडेल. ती आणखी दोन वर्षं आमच्याच वॉर्डात आहे. तिचंही चाक त्याच बोळीत आहे.

पडद्याचं मनात ठेवू नकोस. मी त्रेचाळीस दिवस तुझ्या दारावरून गेले आणि मान वळवली नाही. तू दोन तास मला उभं केलंस. अजून पुष्कळ बाकी आहे माझ्याकडे, पण ते असं खोटं बोलून माफ करू नकोस.

बिल्ला हरवलेला नाही. शर्टाच्या डाव्या खांद्याची शिवण उसवून आत घातलाय आणि वरून दोन टाके घातलेत. वेडेवाकडे आलेत, ती हसली असती. उद्या त्या अधिकाऱ्यासमोर उसवून काढीन. रजिस्टरचं सांगीन. पाणी बंद कर कोण म्हणालं ते सांगीन. बिल्ला पाहून कोण कोण पुढे गेलं, त्या सगळ्यांचे नंबर सांगीन. माझा आधी.

मोठ्या बाईंना कळलं असावं. संध्याकाळी त्या स्वतः आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. दारात उभं राहून म्हणाल्या, "पोरी, विचार कर. तिथे तुला कोण पाणी देणार आहे?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या गेल्यावर मी कडी लावली, मग खुर्ची लावली, मग खुर्चीवर बसले. भीती कमी होईल असं वाटलं होतं, ठरवल्यावर. होत नाही.

कदाचित उद्याच ठेवून घेतील. तसं झालं तर मला आमच्याच दाखल-खोलीत आणतील, दुसरीकडे बायकांची सोय नाही. तिथे आता एक नवी मुलगी आहे. मीच शिकवलंय तिला. प्लंबरची गोष्ट सांगितली, आणि हेही सांगितलं की ओळखीचं माणूस समोर आलं तरी ओळख दाखवायची नाही. पूर्ण नाव विचारायचं, वडिलांच्या नावासकट, आणि ऐकून मगच लिहायचं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी तू समोर उभी राहिलीस तेव्हा मी स्वतःच शोधून काढलं.

मी खाली मान घालून म्हणाले होते, "नाव?" तू तुझं नाव सांगितलंस. मी म्हणाले, "वडिलांचं?" तू थोडी थांबलीस. मग बाबांचं नाव सांगितलंस, एकेक अक्षर, सावकाश, जसं काही मला ते लिहायला अवघड जाईल. आणि मी ते लिहून घेतलं, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं.

उद्या ती मुलगी मला विचारेल. तिनं विचारायलाच हवं. मी बाबांचं नाव सांगीन, सावकाश, तू सांगितलं होतंस तसंच.

तुझी
धाकटी